पार्सनिप: आधी काढणीची तारीख, मग पेरणी

परसबागेच्या या गप्पांमध्ये आजवर आपण मुळा, गाजर, सलगम आणि बीट पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. इंग्लंडात मुलाकडे किंवा लेकीकडे जाऊन आलेल्यांचा तो जास्त होता. "तिकडे दुकानात पांढऱ्या गाजरासारखं पार्सनिप मिळतं. ते आपल्याकडे येईल का? आणि आलं तर त्याचं करायचं काय?"

थोडक्यात उत्तर देतो. झाशीत ते येतं, पण थोडंच येतं आणि तारखा पाळल्या तरच येतं. सैन्यात आम्हाला एक सवय लावली जायची. आधी शेवट ठरवायचा आणि तिथून मागे मोजत यायचं. अमुक दिवशी अमुक ठिकाणी पोहोचायचं आहे, तर निघायचं कधी? पार्सनिपचं सगळं रहस्य याच हिशेबात आहे. पेरणी कधी करायची हे नंतर, काढणी कधी संपवायची हे आधी.

हे आहे तरी काय?

पार्सनिपचं शास्त्रीय नाव पास्टिनाका सटायव्हा. गाजर, कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप ही सगळी याची भावंडं. फुलोरा सगळ्यांचा तसाच, उघडलेल्या छत्रीसारखा. आपण खातो ते त्याचं मूळ. रंग दुधावर सायी धरल्यासारखा, वरचा भाग जाड आणि खाली निमुळती शेपटी. पानं मात्र गाजरासारखी पिसाची नसतात, रुंद आणि दातेरी असतात.

चव कशी? गाजराचा गोडवा, बटाट्याचा पिठूळपणा आणि त्यावर जायफळाची आठवण करून देणारा एक सुगंध. हा सुगंध काहींना पहिल्याच घासाला आवडतो, काहींना अजिबात नाही. म्हणून लावण्याआधी कुठे मिळालं तर एकदा खाऊन पाहा.

युरोपात बटाटा रुळण्याआधी आणि साखर स्वस्त होण्याआधी हे गरिबाच्या घरचं पोटभरीचं आणि गोडाचंही मूळ होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली ब्रिटनमध्ये केळ्यांची आयात बंद झाली. तेव्हा तिथल्या बायकांनी पार्सनिप उकडून, कुस्करून, त्यात केळ्याचा अर्क घालून मुलांच्या पावाला लावलं. रसद तुटली की स्वयंपाकघर काय काय करतं, त्याचा हा नमुना.

आता पोषण. १०० ग्रॅम कच्च्या पार्सनिपमध्ये साधारण ७५ कॅलरी, १८ ग्रॅम कर्बोदकं आणि जवळजवळ ५ ग्रॅम तंतू असतात. गाजरात कॅलरी ४० च्या आसपास. म्हणजे दिसायला गाजर असलं तरी ताटात त्याची जागा बटाट्याची आहे. मधुमेह असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. शिवाय गाजरातलं कॅरोटीन यात नाही, तेव्हा गाजराच्या ऐवजी पार्सनिप असा विचार करू नका.

झाशीच्या हिवाळ्याचा हिशेब

बुंदेलखंडाचं नाव घेतलं की लोकांना उन्हाळा आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण इथला हिवाळाही खरा हिवाळा आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान ८ अंशांच्या आसपास असतं, काही रात्री ते ३-४ अंशांपर्यंत उतरतं. २०२१ च्या जानेवारीत झाशीत स्ट्रॉबेरी महोत्सव भरला, तेव्हा इथे स्ट्रॉबेरी येते यावर बाहेरच्यांचा विश्वास बसत नव्हता. थंडीची पिकं इथे येतात. अडचण एवढीच की थंडीचा काळ आखूड आहे.

पार्सनिपला उगवल्यानंतर तयार व्हायला साधारण ११० ते १२० दिवस लागतात. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात इथे दुपार ३२-३३ अंशांवर जाते. त्यानंतर जमिनीत राहिलेलं मूळ फुगत नाही, दांडरतं. मधला गाभा लाकडासारखा होतो. म्हणून माझी शेवटची तारीख १० मार्च.

आता मागे मोजा. १० मार्चच्या १२० दिवस आधी म्हणजे १० नोव्हेंबर. त्या दिवशी रोपं मातीबाहेर दिसली पाहिजेत. पार्सनिपचं बी उगवायला दोन ते चार आठवडे घेतं. म्हणजे पेरणी १५ ते २५ ऑक्टोबर.

इथेच खरा पेच आहे. ऑक्टोबरच्या मध्यात झाशीत दुपारी अजून ३३ अंश असतात आणि या बियाला उगवायला १० ते २० अंशांची माती आवडते. फार तापलेल्या मातीत ते रुसून बसतं. लवकर पेरलं तर उष्णता मारते, उशिरा पेरलं तर मार्च मारतो. पुढे जे सांगणार आहे ते सगळं हा पेच सोडवण्यासाठीच आहे.

बाकीच्यांसाठी: ग्वाल्हेर, भोपाळ, नागपूर, इंदूरकडच्यांनी आपल्या भागात रात्री गार व्हायला कधी लागतात आणि दुपार ३२ अंशांवर कधी जाते, या दोन तारखा काढाव्यात. मध्ये साडेचार महिने मिळाले तर करून पाहा. मुंबई, कोकण, गोव्याच्या किनारपट्टीवर मात्र नादी लागू नका. तिथे थंडीच पुरत नाही. उत्तरेकडच्या डोंगरात राहणाऱ्यांना उलट फायदा आहे. त्यांनी मार्च-एप्रिलमध्ये पेरून थंडी पडल्यावर काढावं.

माती

इकडे मातीला चार नावं आहेत. राकड आणि पडुआ या लाल जातीच्या, काबर आणि मार या काळ्या. राकडीत खडे फार, मार भिजली की चिकट आणि सुकली की दगड. पार्सनिपचं मूळ सरळ खाली एक फूट जाऊ पाहतं. वाटेत खडा आला की त्याला दोन पाय फुटतात, कधी तीन. खायला ते चालतं, पण सोलताना जीव जातो.

त्यासाठी जुनी युक्ती आहे ती पहारीची. वाफा नेहमीसारखा खणून घ्या. मग जिथे रोप हवं तिथे पहार दीड फूट खाली रोवा आणि गोल फिरवून शंकूसारखं भोक करा. त्यात चाळलेली माती, वाळू आणि पूर्ण कुजलेलं जुनं खत समान घेऊन भरा. इंग्लंडात प्रदर्शनात मांडायची पार्सनिपं अशीच वाढवतात. आपल्याला बक्षीस नको, सोलता येण्याजोगं सरळ मूळ हवं. ४० भोकांना दोन माणसांची एक सकाळ पुरते.

ताजं शेणखत घालू नका. त्यानंही मुळं फुटतात आणि नुसता पाला माजतो. गच्चीवर लावायचं असेल तर निदान दीड फूट खोल पिंप घ्या. उथळ कुंडीत हे पीक होत नाही.

बी: एका वर्षाचा पाहुणा

पार्सनिपचं बी चपटं, कागदासारखं हलकं असतं आणि त्याचं आयुष्य जेमतेम एक वर्ष. गाजराचं बी तीन वर्षं टिकतं, याचं नाही. पाकीट घेताना आधी पॅकिंगचं वर्ष वाचा, मग किंमत. उरलेलं बी पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. 'हॉलो क्राउन' आणि 'टेंडर अँड ट्रू' या जुन्या, लांब मुळांच्या जाती आहेत. 'ॲव्हनरेझिस्टर' ही आखूड मुळांची, कमी खोल मातीला बरी.

घरचं बी धरता येईल का, असंही विचारलं गेलं. झाशीत नाही. हे दोन वर्षांचं झाड आहे. पहिल्या वर्षी मूळ, मग थंडी, मग दुसऱ्या वर्षी फुलं आणि बी. मधला आपला उन्हाळा ते सोसत नाही. आपलं लाल देशी गाजर मात्र मैदानी प्रदेशातच फुलतं आणि बी देतं. चार चांगली गाजरं ठेवली की बियाणं घरचं. पार्सनिपचं पाकीट दरवर्षी विकतच घ्यावं लागणार. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी त्याकडे परत येऊ.

पेरणी ते विरळणी

उष्णतेचा पेच मी असा सोडवतो. बी थेट मातीत न टाकता आधी मोड आणतो. एका पसरट डब्यात ओला कागदी रुमाल, त्यावर बी, वर दुसरा ओला रुमाल. डबा माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवायचा. माठ पाझरतो तशी ती जागा खोलीपेक्षा बरीच गार राहते. रोज एकदा उघडून पाहायचं. दहा-बारा दिवसांत पांढरं टोक दिसायला लागतं. दोन-तीन मिलिमीटर टोक आलं की चिमट्यानं उचलून भोकात ठेवायचं, वर एक सेंटिमीटर भुसभुशीत माती. टोक मोडलं तर ते बी गेलं, तेव्हा हात हलका हवा.

ज्यांना हा खटाटोप नको, त्यांनी प्रत्येक भोकात तीन-तीन बिया पेराव्यात. वाऱ्याच्या दिवशी पेरू नका, बी उडून शेजाऱ्याच्या अंगणात जातं. वर ओलं गोणपाट अंथरा, सकाळ-संध्याकाळ झारीनं शिंपडा. पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा, नाहीतर रोपं पिवळी पडून लोळतात.

दोन रोपांत १२ ते १५ सेंटिमीटर, दोन ओळींत एक फूट. ओळीत मध्ये मध्ये मुळ्याचं बी टाका. मुळा चार दिवसांत उगवतो, ओळ कुठे आहे ते दाखवतो आणि महिन्याभरात काढून खाता येतो. तोवर पार्सनिप नुकतं हातपाय पसरत असतं.

रोपं दोन इंचांची झाली की प्रत्येक जागी सगळ्यात जोमदार एक ठेवा, बाकीची नखानं खुडा. उपटू नका, शेजारचं मूळ हलतं. आणि उपटलेलं दुसरीकडे लावायला जाऊ नका. मूळ एकदा वाकलं की वाकलं.

तण काढताना गाजर गवताकडे लक्ष ठेवा. १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलेलं हे गवत आज देशभर आहे आणि आमच्या कॅन्टोन्मेंटच्या भिंतींनाही त्यानं सोडलेलं नाही. ते लहान असताना जमिनीलगत फाटकी पानं पसरतं. फुलण्याआधी, हातमोजा घालून काढा.

पाण्याचा हिशेब

झाशीत वर्षाला साधारण ८५० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एप्रिल लागला की आमच्या गल्लीतल्या बोअरचं पाणी खाली जायला लागतं. इथे बाग करायची तर बादल्या मोजाव्या लागतात. म्हणून आकडेच देतो.

तीन मीटर लांबीच्या दोन ओळी, म्हणजे सुमारे दोन चौरस मीटर वाफा. पहिले २५ दिवस रोज ८ लिटर शिंपण: २०० लिटर. पुढे दर आठ दिवसांनी ४० लिटर, अशा १४ पाळ्या: ५६० लिटर. एकूण ७६०. म्हणजे २०० लिटरची चार पिंपं. मावठा झाला, ज्याला इकडे महावट म्हणतात, तर दोन पाळ्या वाचतात. त्यातून ४० मुळं धरली आणि एकेक सव्वाशे ग्रॅमचं, तर पाच किलो माल. किलोमागे दीडशे लिटर.

पाणी थोडं थोडं रोज देण्यापेक्षा उगवणीनंतर आठ दिवसांनी पण खोलवर द्या. वरवरच्या पाण्यानं मूळ खाली जात नाही. आणि कोरड्या मातीत एकदम पाट सोडला की मुळं उभी तडकतात. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणारं क्षारयुक्त पाणी या वाफ्याला देऊ नका, कोवळ्या रोपांना ते सोसत नाही.

पाल्यापासून सावध

हा भाग कृपया दोनदा वाचा. पार्सनिपच्या पानांत आणि देठांत जो चीक असतो, त्यात फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. चीक कातडीला लागला आणि त्यावर ऊन पडलं, तर एक-दोन दिवसांनी लाल चट्टे उठतात, कधी भाजल्यासारखे फोड येतात, आणि डाग महिनोन् महिने राहतो. लागताक्षणी काहीच जाणवत नाही, म्हणून हे जास्त फसवं.

नियम सोपे आहेत. वाफ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे. विरळणी आणि काढणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. चीक लागलाच तर लगेच साबणानं धुवा आणि ती जागा दोन दिवस झाकून ठेवा. नातवंडांना या पाल्यात खेळू देऊ नका. पाला भाजीला वापरायचा नाही, गाईबकऱ्यांनाही घालायचा नाही. मूळ नेहमी सोलून खायचं. ते सडलं, काळं पडलं किंवा बुरशी आली, तर तेवढा भाग कापून न टाकता सगळंच टाकून द्यायचं, कारण रोगट मुळात ही द्रव्यं फार वाढतात आणि शिजवून जात नाहीत.

काढणी, आणि फ्रिजची थंडी

इंग्लंडातले माळी म्हणतात, पार्सनिपला हिम लागल्याशिवाय काढू नये. त्यात तथ्य आहे. गारठ्यात मुळातला स्टार्च साखरेत बदलतो. झाशीत हिम पडत नाही आणि कडक गारठ्याच्या रात्री मोजक्या. मग तो गोडवा आणायचा कुठून?

फ्रिजमधून. शून्य ते दोन अंशांत दोन आठवडे ठेवलेल्या मुळात तोच बदल होतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून लागतील तशी काढा. बाजूनं कुदळीनं माती सैल करा, नुसतं ओढलं की शेपटी तुटते. पाला लगेच कापा, नाहीतर तो मुळातला ओलावा शोषतो. माती झटका पण धुऊ नका. भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या सर्वात थंड कप्प्यात दोन-तीन आठवडे ठेवा. आजचं काढलेलं आणि तीन आठवडे ठेवलेलं अशी एकेक फोड भाजून शेजारी शेजारी खाऊन पाहा, फरक जिभेला कळतो.

स्वयंपाक

सोललं की ते काळं पडतं, तेव्हा फोडी लिंबू पिळलेल्या पाण्यात टाका. मूळ जाड असेल तर उभं चिरून मधला दांडरलेला गाभा काढा. आणि सगळ्यात मोठी सूचना: गूळ-साखर घालायचा हात आवरा.

*काचऱ्या.* अर्धा किलो पार्सनिपच्या पातळ चकत्या. कढईत दोन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद. चकत्या घालून झाकण ठेवून सहा-सात मिनिटं, मग तिखट, मीठ घालून झाकण काढून मंद आचेवर कडा तांबूस होईपर्यंत परता. बटाट्यापेक्षा या लवकर लागतात, लक्ष ठेवा. गोडव्याला तोड म्हणून वर लिंबू हवंच.

*भाजलेलं.* बोटाएवढे तुकडे उकळत्या मिठाच्या पाण्यात चार मिनिटं, मग निथळून, तेल चोळून २०० अंशांवर अर्धा तास. मध्ये एकदा उलटा. तिकडे नाताळच्या जेवणात हेच असतं. ओव्हन नसेल तर बुंदेलखंडी पद्धत: शेणीच्या निखाऱ्यात, जिथे गक्कड आणि भरत्याची वांगी भाजतात, तिथेच अख्खं मूळ सालासकट राखेत पुरा. साल काढून कुस्करा, त्यात दही, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. आमच्या घरी हे भरीत बाकी सगळ्या प्रकारांच्या आधी संपतं.

*खीर.* पाव किलो कीस दोन चमचे तुपावर कच्चा वास जाईपर्यंत परता. एक लिटर दूध घालून आटवा. साखर दोन चमचे, चाखून तिसरा. वेलदोडा नको, जायफळ. मुळाच्या मूळच्या सुगंधाला तेच शोभतं.

मग लावायचं का?

माझं मत सांगतो. याच दोन चौरस मीटरमध्ये, यापेक्षा कमी पाण्यात, नव्वद-शंभर दिवसांत देशी गाजर जास्त येतं, बी घरचं धरता येतं, आणि पाला अंगावर उठत नाही. ज्याच्याकडे एकच वाफा आहे आणि पाणी मोजून आहे, त्यानं गाजर लावावं. पुसा रुधिरा किंवा आपल्या भागातलं कुठलंही चांगलं लाल गाजर. बुंदेलखंडात चार पिंपं पाणी ही हौसेची गोष्ट नाही.

पण दुसरा वाफा असेल, पहिले तीन आठवडे रोज दोन वेळा झारी धरणारं माणूस घरात असेल, तर दोन ओळी जरूर लावा. दोनच. आम्ही निवृत्त लोक सकाळी लवकर उठतो आणि आमच्यापुढे कुणी हुकूम घेऊन उभा नसतो. आपणच आपल्याला तारीख घालून द्यावी आणि ती पाळावी, याची सवय राखायला हे पीक फार चांगलं आहे.

वहीत आजच चार ओळी लिहून ठेवा. ऑगस्टमध्ये ताजं बी मागवणं. १० ऑक्टोबरला भोकं भरून तयार. १५ ऑक्टोबरला बी रुमालात. १० मार्चला वाफा रिकामा. माती तपासून घ्यायची असेल तर सप्टेंबरमध्येच जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना द्या, पेरणीच्या आठवड्यात धावपळ नको.

पुढच्या भागात सुरण. त्याला पार्सनिपच्या नेमकं उलट हवं असतं: ऊन, पाऊस आणि उकाडा. तोवर नमस्कार.